ध्वनि आणि संगणक यांमधील सांधा

यंत्रांचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले आहेत. परंतु एक यंत्र दुसऱ्या यंत्राशीं जेथें जोडलें जातें, त्या सांध्याचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. आगगाडीचें इंजिन कोणीं काढलें हें शाळेंतील मुलासहि ठाऊक असतें. पण रुळांमधील अंतर किती असावें या एका प्रश्नापायीं किती श्रम आणि पैसा खर्ची पडला, याची वार्ता फारशी कोणास नसते. १८९७ सालीं बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली, तेव्हां तिच्या रुळांतील अंतर अडीच फूट होतें. आणि कुर्डुवाडीस ती ज्या जी. आय. पी. रेल्वेस मिळे, तिचें साडेपांच फूट. दोन्हीकडील गाड्या सुस्थितींत, दोन्हीकडील इंजिनें धडधाकट. तरी बार्शीचा माल मुंबईस जावयाचा तर तो कुर्डुवाडीस एका डब्यांतून उतरवून दुसऱ्यांत चढविणें भाग पडे. यांत दोष कोणत्याहि यंत्राचा नव्हता. दोष सांध्याचा होता.

आज आम्ही ज्या सांध्याचा इतिहास सांगूं इच्छितों, तो आकारानें बोटाच्या पेराएवढाच आहे. अलीकडे आपल्याकडील कित्येक घरांत गायनाची शिकवणी संगणकावरून चालते. कोणी आपला रियाज मुद्रित करून ठेवितो, कोणी घरबसल्या पुस्तकांचें वाचन ध्वनिमुद्रित करितो. या सर्वांस एक लहानसें यंत्र लागतें, त्यास ऑडिओ इंटरफेस म्हणतात. मायक्रोफोनमधून विजेची जी लहर येते ती हा इंटरफेस दर सेकंदास ४४,१०० वेळां किंवा ४८,००० वेळां मोजतो, प्रत्येक मोजणीचा १६ किंवा २४ द्विमान अंकांचा आंकडा करितो, आणि आंकड्यांचा हा ओघ संगणकाकडे धाडतो. परत येतांना याच्या उलट क्रिया होऊन आंकड्यांची पुन्हां लहर होते व ती आपल्या कानांवर पडते. हा ओघ संगणकाकडे कोणत्या मार्गानें न्यावयाचा, या प्रश्नास गेल्या चाळीस वर्षांत अनेक उत्तरें मिळालीं. त्यांतील कोणतें उत्तर टिकलें आणि कोणतें बुडालें, हें पाहिलें असतां असें दिसून येतें कीं, जें सर्वांत गुणवान तें टिकलें असें झालें नाहीं. जें सर्वांचें होतें तें टिकलें.

हें नीट समजण्यास आरंभींच एक भेद ध्यानांत धरिला पाहिजे. आपण ज्यास 'जोड' म्हणतों, त्यांत वस्तुतः तीन गोष्टी असतात. पहिली म्हणजे खांचेचा व तींत बसणाऱ्या टोंकाचा आकार. दुसरी, तारेवरून आंकडे कोणत्या नियमानें जावे याची पद्धति. तिसरी गोष्ट डोळ्यांस दिसत नाहीं; ती म्हणजे संगणकाच्या आंत बसलेला दुभाष्या, ज्यास ड्रायव्हर असें म्हणतात. यंत्र आपल्या बोलींत कांहीं सांगतें, आणि हा दुभाष्या तें संगणकास समजेल असें करून देतो. दुभाष्या गेला तर खांच जुळूनहि उपयोग नाहीं. पुढें जी हकीकत यावयाची आहे तींत यंत्रें बहुधा याच तिसऱ्या कारणानें मुकीं झालेलीं दिसतील.

पहिला मोठा करार झाला तो ध्वनि वाहून नेण्याचा नव्हे, तर ध्वनीची आज्ञा वाहून नेण्याचा. १९८० च्या सुमारास विजेवर चालणारीं वाद्यें अनेक कारखान्यांत होऊं लागलीं होतीं, आणि प्रत्येकाचा सांधा निराळा होता. एका कारखान्याचें वाद्य दुसऱ्याच्या वाद्यास हांक मारूं शकत नसे. जपानांतील रोलंड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेंतील सीक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ या दोघांनीं हें जाणलें. स्मिथ यांनीं १९८१ सालीं एक सामायिक पद्धति विद्वानांपुढें मांडली. यामाहा, कोर्ग व कावाई हे जपानी कारखानदार चर्चेंत आले. आणि जानेवारी १९८३ मध्यें एका व्यापारी प्रदर्शनांत दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचीं वाद्यें एका तारेनें जोडून सर्वांसमक्ष वाजविण्यांत आलीं. या पद्धतीस 'मिडी' हें नांव मिळालें. ती वापरण्याबद्दल कोणीं कोणास एक पैहि द्यावयाची नव्हती.

मिडीची गति आजच्या मानानें हास्यास्पद आहे: सेकंदास ३१,२५० बिट. एक स्वर दाबल्याचा निरोप पोंचण्यास सुमारें एक मिलिसेकंद लागतो. पांच पिनांचें तिचें टोंक आकारानें बोजड आहे. आपल्या संगीताच्या दृष्टीनें तर तींत मोठेंच न्यून होतें. ती पट्टीच्या वाद्याच्या बारा स्वरांवर आधारलेली असल्यामुळें मींड आणि आंदोलन यांची तींत कुचंबणा होई, कारण स्वर वांकविण्याची आज्ञा एका मार्गावरील सगळ्याच स्वरांस एकदम लागू पडे. हें न्यून दूर करणारी, प्रत्येक स्वर स्वतंत्रपणें वांकवूं देणारी दुसरी मिडी २०२० सालीं प्रसिद्ध झाली. तथापि पहिल्या मिडीचें वय आज चाळिसांच्या पुढें गेलें आहे आणि १९८३ चें वाद्य आजच्या वाद्याशीं अद्यापि बोलूं शकतें. संगणकाच्या जगांत ही दीर्घायुता विरळा होय. २०१३ सालीं स्मिथ व काकेहाशी यांस या कामाबद्दल तांत्रिक ग्रॅमी पारितोषिक देण्यांत आलें, तें यथायोग्यच होतें.

आतां प्रत्यक्ष ध्वनीकडे वळूं. आरंभीं ध्वनीचें यंत्र संगणकाच्या बाहेर नसून पोटांतच असे. १९८९ सालीं सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीनें साउंड ब्लास्टर नांवाचें कार्ड काढलें आणि तें घरोघरच्या संगणकांत बसलें. व्यावसायिक मुद्रणशाळांसाठीं डिजिडिझाइन कंपनीनें १९९१ सालीं प्रो टूल्स आणलें, तेंहि कार्डांच्याच रूपानें. पोटांतील या मार्गास गतीची ददात नव्हती. १९९२ सालीं इंटेलनें काढलेली पीसीआय पद्धति सेकंदास १३३ मेगाबाइटपर्यंत ओघ वाहूं शके. पण तींत दोन अडचणी होत्या. एक अशी कीं, संगणकाच्या आंत विजेची सतत खळबळ चालू असते, आणि तिच्या शेजारीं बसून मायक्रोफोनची नाजूक लहर मोजणें म्हणजे भर बाजारांत कानगोष्ट ऐकण्यासारखें होय. दुसरी याहून कठीण: संगणकांतील खांच बदलली कीं कार्ड निकामी. १९९५ मध्यें ॲपलनें आपली जुनी न्यूबस खांच सोडून पीसीआय स्वीकारली. पुढें दहा वर्षांनीं पीसीआय सोडून पीसीआय एक्स्प्रेस घेतली. दोन्ही वेळां हजारों रुपयांचीं कार्डें, त्यांच्या अंगीं कांहीं एक बिघाड नसतां, अडगळींत गेलीं. शिवाय लॅपटॉप आले, त्यांत तसलें कार्ड बसविण्यास जागाच नव्हती. तेव्हां ध्वनीचें यंत्र बाहेर येणें क्रमप्राप्तच होतें.

बाहेर येण्याचा एक मार्ग प्रकाशाचा होता. तोशिबा कंपनीनें १९८३ सालीं टॉसलिंक नांवाची प्रकाशवाहक तार काढली. तिच्यावरून सोनी व फिलिप्स यांच्या पद्धतीनें दोन मार्गांचा ध्वनि जात असे. पुढें ॲलेसिस कंपनीनें आपल्या ॲडॅट या मुद्रणयंत्राकरितां त्याच आकाराच्या तारेवरून आठ मार्गांचा ध्वनि नेण्याची निराळी पद्धति काढली. परिणाम असा झाला कीं, खांच तीच, तारहि तीच, परंतु एका टोंकास बोलणारा एक भाषा बोले आणि दुसऱ्या टोंकास ऐकणारा दुसरी. आकार जुळला म्हणजे जोड जुळली, हा समज किती फसवा आहे याचें हें पहिलें ठळक उदाहरण. तें विसरूं नये, कारण तोच प्रकार पुढें मोठ्या प्रमाणावर घडावयाचा होता.

या इतिहासांतील मुख्य सामना मात्र दोन तारांमध्यें झाला: फायरवायर आणि यूएसबी. फायरवायर हें ॲपलच्या पुढाकारानें तयार झालेलें आणि १९९५ सालीं १३९४ या क्रमांकानें प्रमाणित झालेलें अपत्य. त्याची गति सेकंदास ४०० मेगाबिट. त्यावर जोडलेलीं यंत्रें एकमेकांशीं थेट बोलूं शकत, संगणकाच्या मुख्य मेंदूस फारसा त्रास न देतां ओघ सोडीत, आणि एकापुढें एक अशीं माळेसारखीं गुंफितां येत. यूएसबीचें पहिलें प्रमाण जानेवारी १९९६ मध्यें सात कंपन्यांनीं मिळून प्रसिद्ध केलें. तिची कमाल गति १२ मेगाबिट, म्हणजे फायरवायरच्या तेहतिसाव्या हिश्शाहून कमी. तिच्या राज्यांत संगणक हाच एकटा मालक. यंत्रानें विचारल्याखेरीज बोलावयाचें नाहीं. गुणांचा हिशेब केला तर निकाल उघड होता.

यूएसबीच्या घडणींत इंटेलमधील ज्यांचा प्रमुख हात होता ते अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांतून अभियांत्रिकी शिकून अमेरिकेस गेलेले. सयाजीराव महाराजांचें नांव या निमित्तानें जगाच्या प्रत्येक संगणकाशीं जोडलें गेलें, याचा मराठी वाचकांस आनंद वाटल्यावांचून राहणार नाहीं. यूएसबीचें टोंक दोनदां उलटसुलट केल्याखेरीज बसत नाहीं, हा अनुभव कोणास नाहीं? तें कसेंहि बसेल असें केलें असतें तर तारा वाढून खर्च दुप्पट झाला असता, असें कारण भट्ट यांनीं पुढें दिलें आहे. या एका उत्तरांत यूएसबीचें सारें धोरण आलें. ती स्वस्त असावी, सर्वत्र असावी, आणि कोणासहि वापरतां यावी, हा तिचा हेतु होता. तिच्या पद्धतीसाठीं कर नव्हता. इंटेलनें ती आपल्या चिपांच्या संचांतच घालून दिली. फायरवायरसाठीं मात्र निराळी चिप लागे. आणि १९९९ मध्यें ॲपलनें प्रत्येक खांचेमागें एक डॉलर मागितला. ओरड झाल्यावर हा कर उतरून यंत्रामागें पाव डॉलरवर आला. पण व्यापाऱ्यांच्या मनांत जो संशय बसावयाचा तो बसून गेला.

यांतील विपरीत गोष्ट अशी कीं, यूएसबीस घरोघर नेण्याचें कामहि ॲपलनेंच केलें. ऑगस्ट १९९८ मध्यें निघालेल्या आयमॅक संगणकांतून त्या कंपनीनें आपल्या जुन्या खांचा काढून टाकून त्यांच्या जागीं यूएसबी बसविली. २००१ सालीं फायरवायरला दूरचित्रवाणीच्या तंत्रविषयक एमी पारितोषिकाचा मान मिळाला, आणि त्याच वर्षीं मोटू कंपनीचा ८२८ नांवाचा पहिला फायरवायर ऑडिओ इंटरफेस बाजारांत आला. त्यानंतर दहा वर्षें गंभीर ध्वनिमुद्रकांच्या घरीं फायरवायर हीच प्रतिष्ठेची तार होती. परंतु एप्रिल २००० मध्येंच यूएसबीची दुसरी आवृत्ति निघाली होती, आणि तिची गति ४८० मेगाबिट होती. कागदावरील हा आंकडा प्रत्यक्षांत उतरत नसे. मालकाच्या विचारपुशींत पुष्कळ वेळ जाई, आणि मोठा ओघ नेण्यांत ४०० ची फायरवायर ४८० च्या यूएसबीस कित्येकदां मागें टाकी. तरी पारडें फिरलें तें फिरलेंच.

तें कां फिरलें, हें समजण्यास थोडें गणित पुरे आहे. सेकंदास ४८,००० मोजण्या, प्रत्येक २४ अंकांची, म्हणजे एका मार्गास ११,५२,००० बिट लागतात. एक गायक व एक तबला असे दोन मार्ग आंत आणि दोन बाहेर मिळून ४६ लक्ष बिट. हें १२ मेगाबिटांच्या जुन्या यूएसबींतहि मावतें. आठ आंत व आठ बाहेर केले कीं ओघ १८ मेगाबिटांच्या वर जातो आणि जुनी यूएसबी अपुरी पडते. येथें फायरवायरची खरी गरज होती. पण दुसऱ्या यूएसबींत अठरा आंत, अठरा बाहेर, तेहि दुप्पट मोजण्यांनीं नेले, तरी ओघ ८३ मेगाबिटांच्या आंतच राहतो. म्हणजे 'पुरेसें' या शब्दाची मर्यादा स्वस्त तारेनें ओलांडली, आणि त्यापुढील श्रेष्ठत्वाचें मोल देण्यास फारसे कोणी तयार राहिले नाहींत.

गतीविषयीं आणखी एक गैरसमज येथेंच दूर केलेला बरा. तार जितकी वेगवान तितका आवाज लवकर परततो, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः विलंब मुख्यतः होतो तो संगणक मोजण्या साठवून गठ्ठ्यांनीं घेतो त्यामुळें. ४८,००० च्या मानानें २५६ मोजण्यांचा गठ्ठा घेतला तर ५.३ मिलिसेकंद जातात. आणि जातां-येतां मिळून सुमारें अकरा. हवेंत ध्वनि सेकंदास सुमारें ३४३ मीटर चालतो. तेव्हां हा विलंब म्हणजे तबलजी गायकापासून बारा फुटांवर जाऊन बसल्याप्रमाणें होय. मैफल चालेल, पण जवळीक राहणार नाहीं. गठ्ठा लहान केला तर तबलजी जवळ येतो; पण मग संगणकास दम घेण्यास अवधि मिळत नाहीं व आवाजांत चटचट होऊं लागते. गठ्ठा किती लहान करितां येईल, हें तारेपेक्षां दुभाष्याच्या कौशल्यावरच अधिक अवलंबून असतें.

हा दुभाष्या यूएसबीच्या बाजूस निराळ्या रीतीनें मिळाला. १९९८ सालीं यूएसबीच्या मंडळानें ध्वनियंत्रांसाठीं 'ऑडिओ क्लास' नांवाची एक सामायिक बोली लिहून प्रसिद्ध केली, आणि २००६ मध्यें तिची दुसरी आवृत्ति काढली. जो इंटरफेस ही बोली बोलतो, त्यास कारखान्याचा खास दुभाष्या लागत नाहीं. संगणकाला ती उपजतच येते. मायक्रोसॉफ्टनें दुसऱ्या आवृत्तीस विंडोजमध्यें जागा दिली ती २०१७ सालीं, म्हणजे अकरा वर्षांनीं. ॲपलनें तत्पूर्वींच दिली होती. फायरवायरवरील इंटरफेस मात्र बहुतेक आपापल्या कारखान्याच्या दुभाष्यावर विसंबून होते. कारखान्यानें नव्या संगणकासाठीं दुभाष्या लिहिण्याचें थांबविलें कीं यंत्र मुकें. ऑक्टोबर २००८ मध्यें ॲपलनें आपल्या एका लोकप्रिय लॅपटॉपांतून फायरवायरची खांच काढली. गिऱ्हाइकांनीं ओरड केली. पुढच्या वर्षीं ती परत आली. पण २०१२ पासून नव्या लॅपटॉपांतून ती नाहींशी होत गेली. २०२५ सालीं निघालेल्या मॅकओएस टाहो या आवृत्तींत तर फायरवायर समजण्याची सोयच उरली नाहीं. ज्या घरानें ती तार जन्मास घातली, त्याच घरानें तिची ओळख टाकिली.

थंडरबोल्टची हकीकत याच सूत्राची दुसरी बाजू दाखविते. २०११ सालीं इंटेलनें ॲपलच्या साहाय्यानें ही तार आणली. तिची गति १० गिगाबिट, पुढें २० आणि २०१५ मध्यें ४०. तिचें वैशिष्ट्य असें कीं, संगणकाच्या पोटांतील पीसीआय एक्स्प्रेसचा मार्गच ती तारेवरून बाहेर काढिते. पोटांतलें कार्ड जणूं अंगणांत येऊन बसतें. कमी विलंबानें शेंकडों मार्ग हांकणाऱ्या मुद्रणशाळांस ती उपकारक खरी; घरच्या दोन मायक्रोफोनांस मात्र तिचें कांहीं प्रयोजन नाहीं. तिचें नशीब फायरवायरहून निराळें निघालें, कारण इंटेलनें तिची पद्धति सामायिक करारांत सोडून दिली, आणि २०१९ सालची चौथी यूएसबी तिच्याच पायावर उभी राहिली. मोठ्या सभागृहांत साध्या ईथरनेट तारेवरून ध्वनि नेण्याची दांते ही पद्धति सिडनीच्या ऑडिनेट कंपनीनें २००६ मध्यें आणली. ती एका कंपनीची. म्हणून २०१३ सालीं अशा निरनिराळ्या पद्धतींस एकत्र बोलतां यावें याकरितां एईएस ६७ हें सामायिक प्रमाण करावेंच लागलें.

आज सर्व खांचा एकाच सपाट, उलटसुलट बसणाऱ्या यूएसबी-सी आकारांत येत आहेत. ही सोय मोठी आहे. पण टॉसलिंकचा धडा येथें पुन्हां आठवावा. एकाच आकाराच्या खांचेंत कोठें ४८० मेगाबिट असतात, कोठें ४० गिगाबिट. थंडरबोल्टचा इंटरफेस साध्या यूएसबी-सी खांचेंत बसेल, पण बहुधा बोलणार नाहीं. म्हणून नवा इंटरफेस घेणाऱ्यानें खांचेचा आकार वा गतीचा आंकडा पाहण्यापूर्वीं एवढेंच विचारावें: हें यंत्र सामायिक बोली बोलतें काय, कीं याच्या कारखान्याचा दुभाष्या जिवंत असेल तोंवरच हें जिवंत? मोबाईल किंवा टॅब्लेटशीं जोडून तें निमूट चालूं लागलें, तर पहिल्या जातीचें समजावें. कारण तेथें कारखान्याचा दुभाष्या बहुधा बसवितांच येत नाहीं.

शेवटीं एक गोष्ट घरोघरच्या वडीलधाऱ्यांस सांगावयाची आहे. १९९५ पासून पुढें सुमारें पंधरा वर्षें आपल्याकडील लग्नें, मुंजी आणि घरगुती मैफली मिनी-डीव्ही नांवाच्या लहानशा फितींवर मुद्रित होत. त्या फितींतील चित्र व आवाज जसाच्या तसा संगणकांत उतरवून घेण्याची वाट म्हणजे फायरवायर. फीत कपाटांत शाबूत असेल, कॅमेराहि चालत असेल. पण जी वाट त्या आवाजास बाहेर आणील ती वर्षावर्षानें बुजत आहे. जुना संगणक ज्यांच्याजवळ अद्यापि चालता आहे, त्यांनीं तो मोडींत देण्यापूर्वीं त्या फिती उतरवून घ्याव्या. आजीच्या तोंडची ओवी कोणत्याहि कंपनीच्या मालकीची नव्हती. ती केवळ एका तारेच्या अभावीं हरवावी, असें होऊं देऊं नये.